‘आत्ता नको’ म्हणणारं सलून

आमच्या ऑफिसात ‘क्लायंट फर्स्ट’ या विषयावर दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं होतं. हॉटेल झकास, लंचला पास्ता, प्रत्येकाला एक डायरी आणि एक पेन. त्यातलं आज मला काय आठवतंय म्हणाल, तर पास्ता! क्लायंटची काळजी घेणं म्हणजे काय, हे मला नंतर कळलं. तेही कोथरूडच्या एका चार खुर्च्यांच्या सलूनमध्ये, मान बेसिनवर टाकलेली असताना.

झालं असं, की गेल्या वर्षी गणपतीत मला डेंग्यू झाला. प्लेटलेट्सचा आकडा म्हणजे आमच्या घरी क्रिकेटचा स्कोअर झाला होता. ‘आज किती?’ म्हणून नाशिकहून मामाचा फोन. यथावकाश बरी झाले, हिंजवडीची बस पुन्हा सुरू झाली, ताप विसरूनही गेले. आणि दिवाळी संपता संपता केस गळायला लागले. उशीवर केस, कीबोर्डवर केस, डब्यातल्या भाजीत केस. बाथरूमच्या जाळीवर रोज मूठभर पुंजका. कमरेपर्यंतचे केस होते हो माझे! दर रविवारी आईने तेल लावून लावून वाढवलेले. त्यात जानेवारीत साखरपुडा.

आधी गेले ती बाणेरच्या एका काचेच्या, घमघमणाऱ्या सलूनमध्ये. कॉफी आली, फॉर्म आला. फॉर्ममध्ये वाढदिवस विचारला होता, मोबाइल नंबर विचारला होता. आजारी होतात का, हे मात्र कुठेच नव्हतं. मग डोक्यावर छोटा कॅमेरा फिरवून स्क्रीनवर माझी टाळू दाखवण्यात आली. चंद्रावरचा फोटो वाटत होता. ‘मॅम, इट्स व्हेरी सीरियस.’ सहा हेअर स्पा, एक स्मूदनिंग, दोन बाटल्या. अठरा हजार, डिस्काउंट फक्त आजच्या दिवस. घाबरून एका सिटिंगचे पैसे भरले. मसाज करणाऱ्या मुलीच्या हातात पुंजका आला, तेव्हा ती शेजारणीला हळूच म्हणाली, ‘इसका तो गया.’ मला ऐकू आलं. रिक्षात बसून मी घरापर्यंत रडले.

त्या मुलीचा राग आता येत नाही. तिच्याही डोक्यावर महिन्याचं टार्गेट असणार. मार्च एंडला आम्ही तरी काय वेगळं करतो?

मग ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, ‘अगं, आमच्या ताईंकडे जा.’ कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीत, खाली झेरॉक्सचं दुकान, वर सलून. मी खुर्चीत बसल्या बसल्या ऑर्डर दिली. ‘ताई, स्मूदनिंग करायचंय. साखरपुडा आहे.’

ताईंनी कंगवा उचललाच नाही. स्टूल ओढून माझ्या समोर बसल्या. आरशातून नाही, थेट माझ्याकडे बघत म्हणाल्या, ‘मध्यंतरी आजारी होतीस का गं?’

मी सगळं सांगितलं.

‘तापानंतर दोन-तीन महिन्यांनी होतं असं. खूप जणींचं पाहिलंय. पण मी काही डॉक्टर नाही. आधी स्किनच्या डॉक्टरांना दाखव. स्मूदनिंग मी आत्ता करणार नाही.’

‘अहो, पण मी पैसे देतेय ना!’

‘मार्चमध्ये दे. केस कुठे पळून जात नाहीयेत.’

डॉक्टरांनी तेच सांगितलं. नाव भारदस्त, टेलोजेन एफ्लुव्हियम. एरवीही आपले दिवसाला ५० ते १०० केस गळतच असतात. पण मोठ्या तापाच्या धक्क्याने पुष्कळसे केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. मुळं जिवंत असतात, त्यामुळे बहुतेकांचे सहा महिन्यांत गळायचे थांबतात आणि पुन्हा येतात. माझ्या रक्तात लोहही कमी निघालं. गोळ्या सुरू झाल्या.

पुढच्या शनिवारी केस खांद्यापर्यंत कापायला ताईंकडे गेले. लांब केस विरळ झाले की जास्तच विरळ दिसतात, आखूड केले की जरा भरल्यासारखे वाटतात, हे त्यांचं म्हणणं. केस धुणाऱ्या मुलाने चोळलं नाही, नुसतं बोटांच्या टोकांनी धुतलं. हातात आलेले केस मला दिसणार नाहीत असे बाजूला ठेवले. कापताना खाली पडलेला ढीग दुसऱ्या मुलीने लगेच झाडून नेला. एरवी ती शेवटी झाडते. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. माझे डोळे भरले तेव्हा गप्पा तशाच चालू राहिल्या, रेडिओचा आवाज तेवढा कुणीतरी वाढवला.

तिथे बसून बसून त्यांची सिस्टीम माझ्या लक्षात आली. (आयटीवाली ना मी!) काउंटरवर एक जाडजूड वही आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान. कुठला कलर, कुठला नंबर, कशाची ॲलर्जी, कुणाचं बाळंतपण झालंय. नवीन गिऱ्हाइकाला कलर लावण्याआधी दोन दिवस कानामागे थोडासा लावून बघतात. लग्न उद्यावर आलंय म्हणून कुणी कितीही गयावया केली, तरी ४८ तासांचा नियम मोडत नाहीत. बाटल्या विकण्यावर कुणाला इन्सेंटिव्ह नाही. जो गिऱ्हाईक परत येऊन ज्याचं नाव घेईल, त्याला इन्सेंटिव्ह. केस धुणाऱ्या मुलाला हातमोजे, कारण दिवसभर पाण्यात आणि केमिकलमध्ये हात फाटतात. दुपारी दोन वाजता शटर अर्धं खाली, सगळे एकत्र जेवतात. ताई म्हणाल्या, ‘उपाशी माणसाच्या हातात कात्री द्यायची नसते गं.’ आमच्या ट्रेनिंगच्या दोन दिवसांत हे वाक्य एकदाही आलं नव्हतं.

त्या दिवशी परतताना कर्वे पुतळ्याच्या चौकात सिग्नल लागला. ज्या महर्षी कर्व्यांच्या नावाच्या रस्त्यावर मी केस कापून घेतले, त्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं, पुढे विधवांसाठी आश्रम काढला. त्या काळी नवरा गेला की बाईचं केशवपन करत, तिची इच्छा असो-नसो. आणि १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी ठरवलं, की हे काम आम्ही करणार नाही. कामगार चळवळीतले लोखंडे शाळेत एका ओळीत येऊन गेले होते, तेव्हा काही वाटलं नव्हतं. माझ्या स्मूदनिंगची त्याच्याशी बरोबरी नाही करत मी, प्लीज गैरसमज नको. पण हातात वस्तरा आहे, समोर पैसे आहेत आणि कारागीर म्हणतो, ‘नाही, हे मी करणार नाही.’ खुर्चीत बसलेल्या बाईचा विचार केल्याशिवाय हे सुचत नाही.

साखरपुड्यात केस खांद्यापर्यंतच होते. सासरच्या एक आत्या म्हणाल्या, ‘फोटोत लांब दिसत होते.’ आईने ‘डेंग्यू झाला होता’ असं म्हणून त्यांच्या पुढ्यात लाडू ठेवला.

मार्चमध्ये पुन्हा गेले. ताई नेमक्या गावाला. म्हटलं, संपलं, आता पहिल्यापासून सगळी रामकहाणी. पण केस धुणाऱ्या मुलाने वही उघडली, पान काढलं आणि विचारलं, ‘मॅडम, लोहाच्या गोळ्या चालू आहेत ना?’ मग आरसा मागे धरून त्याने मला कपाळावरचे नवे केस दाखवले. बोटभर, गवतासारखे उभे. त्याचा चेहरा असा, जणू त्यानेच पेरले होते. ‘स्मूदनिंग?’ मी विचारलं. ‘ताई म्हणाल्यात, तुम्हाला पाहिजे असेल तर करू. पण कशाला?’

नाही केलं.

गेल्या आठवड्यात आमचा एक क्लायंट नवीन मॉड्यूल मागत होता. महागडं, आणि त्याला निदान वर्षभर तरी काही उपयोग नसलेलं. कॉलवर मी म्हणून गेले, ‘आत्ता नको. पुढच्या वर्षी बघू.’ म्यूटवर असलेल्या मॅनेजरचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. अप्रेझल पुढच्या महिन्यात आहे. बघू.