वानच्या काठचे पंचांग

तेल्हाऱ्याकडे आलात आणि एखादी दुपार मोकळी मिळाली, तर सातपुड्याच्या पायथ्याला वारी भैरवगडला जरूर जा. मारुतीचे दर्शन घ्या आणि घटकाभर वान नदीच्या काठी बसा. डोहात मात्र उतरू नका, तिथले पाणी फसवे आहे.

लहानपणी मी बाबांसोबत बैलगाडीने इथे येत असे. आता शेजारीच हनुमान सागर धरण झाले आहे. आमच्या दक्षिणेकडच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. तिथल्या गावांची तहान आज हेच धरण भागवते. काठ बदलला, पण झाडेपाखरे आपला नेम विसरली नाहीत.

माघात सागाची पाने झडतात आणि डोंगराच्या फासळ्या दिसू लागतात. शिमगा जवळ आला की पळस पेटतो. काटेसावरीच्या लाल फुलांवर साळुंक्यांची भांडणे जुंपतात. चैत्रात भल्या पहाटे मोहाची फुले टपटप पडतात. वैशाखात सारे रान करपलेले असताना बहावा तेवढा पिवळ्या झुंबरांनी लदलेला असतो. टिटवी उघड्या खडकाळ जमिनीवरच अंडी घालते. आपण चुकून जवळ गेलो, की ओरडून डोके उठवते.

मग सुरू होते मृगाची वाट पाहणे. चांगला पाऊस पडून जमीन भिजली, की मखमलीसारखे तांबडे मृगाचे किडे बाहेर पडतात. बाबा ते दाखवून म्हणायचे, "बाबू, किडे दिसले म्हून लगेच तिफन जुपू नोको. हातानं माती उकरून पाह्य. वीतभर ओल गेली का, मंग पेर."

हे बोल मी एकदा विसरलो. 2014 साली जूनमध्ये एक सर आली. शेजारपाजारची घाई पाहून मीही कपाशी टोबली. पुढे पावसाने दडी मारली आणि कोंब जागीच करपले. जुलैत पुन्हा बियाणे आणावे लागले, तेही उसनवारीने. त्या आठवड्यात काठावर आलो, तर नाल्याकाठच्या बाभळीवर सुगरणीची एकही खोपा विणायची लगबग नव्हती. पाखरांना घाई नव्हती, ती मलाच झाली होती! आज कृषी खातेही 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असेच सांगते. बाबांची वीतभर ओल आणि हा आकडा, दोन्ही एकाच वाटेने नेतात.

श्रावणात सागाला पांढरट तुरे येतात, सुगरणीचे खोपे वाऱ्यावर डोलतात. दसऱ्याच्या सुमारास शेपटी हलवणारा परीट पक्षी उत्तरेकडून पाहुणा येतो. तो दिसला की आमच्या घरी सीतादहीची बोलणी सुरू होतात, कारण कापूस फुटायला लागलेला असतो.

आता मी घरच्या कॅलेंडरवर हे सारे लिहून ठेवतो: पळस कधी फुलला, किडे कधी निघाले, परीट कधी आला, पाऊस किती पडला. लिहायचे काम नातीकडे आहे. तुमच्या गावीही एखादा पाणवठा, एखादी अमराई असेलच. येत्या मृगापासून पोरांच्या हाती पेन्सिल द्या आणि त्यांना तिथे घेऊन जा. पेरणीच्या दिवसांत ती नोंद तुमच्याच कामी येईल.