उलट्या वाटेनं



शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी नागझरीवरून पारसला येते. त्या वाटेनं मी अकरा वेळा चाललो. गुडघ्यामुळं यंदा आषाढी हुकली. घरात तोंड पाडून बसलो होतो, तर मंडळी म्हणाली, "पंढरपूर राहू द्या. तुमी दरसाली जाता ती वाट मले एकदा दाखवा तं."

मार्गशीर्ष शुद्ध एकादशीला सकाळच्या पॅसेंजरनं पारसला उतरलो आणि पालखीच्या उलट दिशेनं, शेगावकडं, निघालो. वीज केंद्राच्या चिमण्या बराच वेळ पाठीशी होत्या. ना टाळ, ना पताका. दिंडीत आपण पुढच्याच्या टाचा बघत चालतो, हे तुम्हालाही ठाऊक असेल. ही मात्र दर वावरापाशी थांबे. तूर शेंगांनी लवली होती. मालकाला विचारून तिनं द्वादशीच्या पारण्यासाठी ओंजळभर शेंगा पदरात बांधल्या.

एका वावरात बाया कापूस वेचत होत्या. माझी माळ, बुक्का पाहून धुऱ्यावर आल्या. "वारीले जाता न, महाराज?" "अकरा झाल्या," मी सांगितलं. सगळ्या पाया पडल्या. माझ्या. ही बाजूला पदर सावरत उभी. अकरा आषाढ हिनं पहाटे उठून धारा काढल्या, माझ्या अंथरुणाला खिळलेल्या आईचं केलं, पेरणी करून घेतली. त्या बायांना हे सांगावं असं ओठांवर आलं होतं. सांगितलं नाही. माउली, पाया पडून घेणं गोड लागतं.

नागझरीला गोमाजी महाराजांच्या समाधीवर डोकं ठेवलं. तिथलं पाणी ती ओंजळीनं पीतच राहिली. तिचं माहेर दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. तिथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही. "इतकं पाणी वाटेत लागते अन् तुमी कधी सांगतलं नाही," म्हणाली. काय सांगणार? अकरा वेळा मी ते घाईनं प्यालो होतो.

दिवेलागणीला शेगाव. दर्शनबारीत मीच बायांची गोष्ट काढली. ती हसली. "मले दिसलं होतं," म्हणाली. "येत्या आषाढीले मी जातो दिंडीत. ढोरं तुमी पाहा."

परवापासून धार काढायला शिकतोय. गाय अजून उभी राहत नाही.