सिंहगडाचा घाट आणि आपली सायकल

पहाटे खडकवासला धरण मागे टाकून डोणज्याकडे निघालात, की सिंहगडाचा माथा धुक्यातून हळूहळू वर येतो. इथवर कोणतीही सायकल गोड वाटते. गोळेवाडीच्या पुढे घाट लागला, की मात्र तिचा खरा स्वभाव कळतो.

दोन्ही चाकांना शॉकअप असलेली माउंटन बाइक दुकानात मोठी रुबाबदार दिसते. पण चढावर पेडल दाबावे, तो मागचा शॉकअप खाली बसतो आणि पायांतली काही शक्ती त्या हेलकाव्यांतच विरते, वजन वेगळेच. मी हीच चूक केली. पुढे दोन पावसाळे त्या सायकलीवर गॅलरीत टॉवेल वाळले!

डांबरी घाट, मधूनच एखादी मातीची वाट, एवढाच आपला रविवार असेल, तर फक्त पुढे 100 मिलिमीटरचे सस्पेन्शन असलेली ‘हार्डटेल’ पुरे. ते चढावर लॉक करता यावे. दगडधोंड्यांच्या उतारावरून वेगाने येण्याची हौस असणाऱ्यांनी मागच्या शॉकअपचा विचार जरूर करावा. तिथे तो कंबरेचे धक्के सोसतो.

गुडघ्यांची काळजी मात्र सीटच्या उंचीवर. पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच टेकवून पाहा. पाय सरळ व्हायला हवा. सीट खाली ठेवून घाट चढलात, तर गुडघे संध्याकाळी हिशेब मागतात.

आणि ब्रेक डिस्कचेच घ्या. माथ्यावर पिठलं-भाकरी, मडक्यातले दही झाले, की पावसात हाच घाट उतरायचा असतो, आणि ओल्या रिमवर रबरी ब्रेक उशिरा धरतात.