ओवीच्या हॅमस्टरबद्दल

माहूर,
14 मार्च

चि. सायलीस,


पिंजऱ्याचा फोटो पाहिला. उत्तर फोनवर आटोपण्यासारखं नाही, म्हणून लिहितोय. जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलेल्या मामाला विचारलंस, तर एवढं वाचावं लागेलच.

तीन मजले, गुलाबी नळ्या, वर घुमट. हा पिंजरा ओवीला आवडावा म्हणून केलेला आहे, त्यात राहणाऱ्याचा विचार कुणी केलेला दिसत नाही. सोनेरी हॅमस्टर मूळचा सीरियातल्या अलेप्पोच्या परिसरातला. दिवसा बिळात झोपायचं, रात्री दाणे गोळा करत हिंडायचं, हा पाळल्यावरचा त्याचा दिनक्रम. नजर अधू, उंचीचा अंदाज येत नाही, त्यामुळे वरच्या मजल्यावरून सरळ खाली पडतो. नळ्यांत मुताचा वास कोंडतो आणि त्या घासून काढायचं काम शेवटी तुझ्याच गळ्यात पडतं.

त्याला हवी जमीन. निदान 100 सेंटिमीटर लांब, 50 रुंद, आणि तळाला वीस-पंचवीस सेंटिमीटरचा थर, म्हणजे बीळ खोदता येईल. काचेची टाकी तिकडे थंड देशांत ठीक, आपल्या हवेत ती तापते. त्यापेक्षा प्लॅस्टिकचा मोठा डबा घे आणि झाकण कापून त्याला बारीक लोखंडी जाळी बसव. गजांचाच पिंजरा हवा असेल तर दोन गजांतलं अंतर एक सेंटिमीटरच्या आत असू दे. डोकं गेलं की अंग जातंच. चाक 28 सेंटिमीटर व्यासाचं आणि सलग पृष्ठभागाचं घे, काड्याकाड्यांच्या चाकात पाय अडकतो. धावताना पाठीला बाक आला, तर चाक लहान आहे असं समज.

तळाला काय घालायचं? तुझी आजी लगेच म्हणाली, घरचा कापूस पाठवते. नको. त्याचे धागे पायाला गुंडाळतात, पोटात गेले तर आतडं अडतं. किनवटच्या गिरणीतला सागवानाचा भुसाही नको, ती धूळ माणसालासुद्धा सोसत नाही. बिनवासाचा टिश्यू पेपर फाडून घाल, वर थोडं वाळलं गवत. आणि एका घरात एकच. दोन आणलेस तर मोठेपणी ते एकमेकांना फाडतील.

लाकडी पेटीचा मोह तर धरूच नकोस. 1930 मध्ये इस्राएल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाने अलेप्पोजवळच्या एका शेतातलं बीळ खणवून एक मादी आणि तिची अकरा पिल्लं मिळवली. जेरुसलेमला पोचलेल्यांपैकी काहींनी लाकडी पिंजऱ्याचा तळ कुरतडून पोबारा केला. जे उरले त्यांचीच संतती पुढे प्रयोगशाळांतून घराघरांत पोचली. सॉल ॲडलर या शास्त्रज्ञांना हे हॅमस्टर काळा आजाराच्या संशोधनासाठी हवे होते. हा आजार आपल्या बंगाल-बिहारने किती भोगला, ते तू जाणतेस. ॲडलर यांनी पुढे काही हॅमस्टर कोटाच्या खिशात घालून इंग्लंडला नेले, असं सांगतात. तू तसं करू नकोस!

आता तुमच्या प्रवासाचं. मे महिन्यात आणतेस म्हणालीस, त्याला माझा साफ नकार. इथे पारा चाळिशीच्या वर जातो, दुपारी वीज गेली की कूलरही मुका. हॅमस्टरला विशीच्या आसपासची हवा मानवते, तिशीपुढे त्याला ऊन लागायची भीती. त्याला शेजारी कुणाकडे ठेवून या. आणायचाच तर दिवाळीत आणा.

घरचा पिंजरा जितका मोठा, तितका प्रवासाचा डबा लहान हवा. मोठ्या पिंजऱ्यात गचका बसला की तो आपटतो. हवेची भोकं असलेला टणक प्लॅस्टिकचा डबा, त्यात जुन्या घरट्यातला मूठभर कागद न बदलता घाल. स्वतःचा वास आला की तो निवांत झोपतो. चाक, वाटी, खेळणी काहीच नको. पाण्याची बाटली खड्ड्यांत ठिबकून अंथरूण ओलं करते, म्हणून काकडीची फोड ठेव. भोकरच्या पुढे हिमायतनगर, किनवट करत याल तेव्हा डबा मागच्या सीटखाली, सावलीत राहू दे. डिकीत नाही, एसीच्या झोतासमोरही नाही. चहाला थांबलात तर कुणीतरी गाडीत बसा. वाटेत ओवीला झाकण उघडू देऊ नकोस. गाल फुगलेले दिसले तर घाबरू नका, तुझी आजी देवीच्या प्रसादाचा तांबूल गालात धरून बसते तसा तोही दाणे धरून बसतो. इथे पोचल्यावर दिवसभर त्याला अंधाऱ्या खोलीत एकटा सोडायचा.

रेणुकेच्या दर्शनाला गडावर जाताना तो घरीच राहील. तिथली माकडं हातातली पिशवी हिसकतात, आत नारळ आहे की हॅमस्टर हे बघायला ती थांबत नाहीत.

दुकानातून घेताना राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी विचार; 2018 च्या पेट शॉप नियमांत हॅमस्टरचा उल्लेख नावानिशी आहे. दुकानदार चिडला तर दुसरं दुकान बघ.

आजी अजून त्याला उंदीरच म्हणते. माळ्यावरचा सापळा मी दिवाळीआधी काढून ठेवतो. मागच्या दारी येणाऱ्या बोक्याचं काय करायचं, ते तू सुचव.

तुझा,
मामा