दीक्षाभूमीवरची वही-पेनवाली मुले

अशोक विजयादशमीच्या दिवशी नागपूर स्टेशनवर उतरल्यावर दीक्षाभूमीचा रस्ता कुणाला विचारावा लागत नाही. पांढऱ्या कपड्यांतली माणसांची रांग सीताबर्डी, पंचशील चौक, राहाटे कॉलनी करीत आपल्याला नेमके तिथे पोहोचवते. डोक्यावर गाठोडे, कडेवर लेकरू, हातात पंचशील ध्वज. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी माईसाहेबांसह भदन्त चंद्रमणी महास्थविरांकडून इथे धम्मदीक्षा घेतली आणि मग लाखो अनुयायांना स्वतः दीक्षा देऊन बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या. आजचा १२० फुटी स्तूप १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते खुला झाला. बोधिवृक्षाखाली क्षणभर टेकावे, पुस्तकांच्या दुकानांवरून फिरावे, भोजनदानाच्या रांगेत उभे राहावे, असा आपला परिपाठ.

या गर्दीत आणखी एक जमात दिसते. खांद्याला पिशवी, हातात वही, खिशात मोबाईल. ही पीएच.डी. करणारी मुले-मुली. आकडे न मोजता माणसांशी बोलून, त्यांच्यात राहून जो अभ्यास होतो त्याला गुणात्मक संशोधन म्हणतात. तो करणारी अशी पाच-सहा मुले संध्याकाळी कॉलेजच्या बाजूला चहा घेत बसली होती. कुणी मराठवाड्यातले, कुणी इथल्याच इंदोऱ्याचे, एक तेलंगणातला. प्रत्येक जण आपापले अनुभव सांगत होता.

एक मुलगी म्हणाली, "मी छापील प्रश्न घेऊन एका आजीकडे गेले. विचारलं, धर्मांतरानंतर तुमच्या राहणीमानात काय बदल झाला? आजी म्हणाली, पोरी, राहणीमान म्हणजे काय वं? मी कागद पिशवीत टाकला आणि तिच्याबरोबर तांदूळ निवडायला बसले. मग विचारलं, आजी, दीक्षा घेऊन घरी आलात, तेव्हा देव्हाऱ्याचं काय केलं? आणि आजी दोन तास बोलली. देव टोपल्यात भरून नदीवर कसे नेले, सासू कशी भ्यायली, रात्री कुणी झोपलंच नाही." एका तासाचे बोलणे कागदावर उतरवायला चार-पाच तास लागतात. त्या मुलीने दोन रात्री जागून आजीचा शब्द न् शब्द लिहिला.

मराठवाड्यातल्या मुलाचा अनुभव निराळा. तो गावातल्या वरच्या आळीत मुलाखतीला गेला. "मी पहिला प्रश्न विचारायच्या आत त्यांनीच विचारलं, आडनाव काय? आडनाव सांगितल्यावर खुर्ची आत गेली. ओट्यावर बसून मुलाखत झाली. वहीत मी तेही लिहिलं. तीसुद्धा माहितीच आहे ना!" सगळे हसले, पण ते हसू फार वेळ टिकले नाही.

तेलंगणातल्या मुलाची अडचण अशी, की वही दिसली की लोकांना तो सरकारी माणूस वाटतो. रेशनकार्डाचे काय झाले, घरकुलाची यादी कधी लागणार, असे विचारतात. आपल्या हातात काही नाही हे पहिल्याच दिवशी सांगावे, खोटी आशा लावू नये, असे त्याचे म्हणणे. दुसरीने सांगितले, प्रबंधात नावे बदलतात, पण "विहारामागची शिवणकाम करणारी विधवा" असे लिहिले तर वस्तीत ती कोण हे शेंबडे पोरही ओळखेल. म्हणून लिहिलेले आधी तिलाच वाचून दाखवायचे, तिने नको म्हटले ते गाळायचे.

शेवटी निघाला तो प्रश्न, जो यातल्या बहुतेकांना कुणी ना कुणी विचारला होता: "तुम्ही आपल्याच समाजाचा अभ्यास करता, मग तो निःपक्ष कसा होईल?" हा प्रश्न इतरांना विचारला जात नाही. नामवंत समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास १९४८ साली कर्नाटकातल्या एका गावात अभ्यासाला राहिले, ते पाटलाच्या बैलघरात. १९७६ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी प्रांजळपणे मान्य केले, की त्यांना गाव दिसले ते वरच्या जातींच्या बाजूने. म्हणजे गाव कोणत्या घरातून पाहिले, याला महत्त्व असते. मग आपल्या घरातूनही ते पाहिले गेलेच पाहिजे.

ही वाट बाबासाहेबांचीच. ९ मे १९१६ रोजी, पंचवीस वर्षांचे असताना, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्रा. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. जातीतच लग्न लावण्याच्या बंधनावर जात टिकून आहे, हे त्यांनी तिथे मांडले. ज्याने जात सोसली, त्यानेच ती विद्वानांना समजावून सांगितली. पुढे उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या स्त्रियांना घरोघर भेटून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली दिले. त्या भेटल्या नसत्या, तर त्या माउल्यांचे बोल त्यांच्याबरोबरच गेले असते.

छप्पन्न साली दहा वर्षांचे असलेले मूल आज ऐंशीच्या घरात आहे. म्हणून वही घेऊन आलेल्या पोराला दारातून परत पाठवू नका. मात्र नीट विचारा: बाळा, कोणत्या विद्यापीठाचा? हे कशासाठी लिहितोस? माझे नाव येणार का? नको वाटेल त्या प्रश्नाला "नाही" म्हणण्याचा हक्क तुमचा आहे. आणि एक अट घाला. प्रबंध इंग्रजीत असला तरी त्याचा मराठी सारांश आमच्या विहारात आणून वाचून दाखवायचा.

कुणी संशोधक येण्याची वाट तरी कशाला पाहायची? घरात आजी आहे, शाळेत जाणारी नात आहे, शंभर पानी वही आहे. येत्या रविवारी वंदना झाल्यावर नातीने आजीजवळ बसावे आणि एवढेच विचारावे, "आजी, त्या दिवशी तू कुठं होतीस?"

जयभीम!