मूळ बदलले, टीप राहिली

टीकाकारांचे सर्वांत नेमके गाऱ्हाणे धारच्या एका राजाने मांडले आहे. अकराव्या शतकात भोजदेवाने पातंजल योगसूत्रांवर ‘राजमार्तंड’ ही वृत्ती रचिली. तिच्या आरंभीच तो म्हणतो की, जेथे मूळ दुर्बोध असते तेथे टीकाकार ‘अर्थ स्पष्टच आहे’ म्हणून पुढे सरकतात, आणि जेथे ते उघड असते तेथे पाल्हाळ लावितात. संगणकाच्या गाभ्यातील आज्ञावल्या वाचताना आम्हांस या गाऱ्हाण्याची वारंवार आठवण होते.

आज्ञावली लिहिणारा आपल्या ओळींशेजारी पुढील वाचकासाठी टिपा लिहून ठेवितो. यंत्र त्या वाचीत नाही. आज्ञा बदलली व टीप तशीच राहिली, तरी यंत्राचे काही अडत नाही. अडते ते माणसाचे. भोजराजाने न सांगितलेला हा तिसरा दोष होय: लिहिली तेव्हा टीप खरी होती, पुढे मूळच बदलले. माळव्यातलेच देवास पाहा. थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने एकाच गावी नांदतात, हे वाक्य १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत यथार्थ होते. आज कोणी ते तसेच छापले, तर देवीच्या टेकडीकडे निघालेला यात्रेकरू दुसऱ्या राजाची हद्द शोधीत बसेल!

‘लिनक्स’ प्रणालीत असेच घडले. अनेक प्रोसेसरांनी एकाच वेळी एकाच माहितीत हात घालू नये, म्हणून तिच्या गाभ्यात ‘बिग कर्नल लॉक’ नावाचे मोठे सामाईक कुलूप होते. हळूहळू त्याची जागा लहान कुलपांनी घेतली आणि २०११ साली ते समूळ निघाले. परंतु ‘येथे मोठे कुलूप लावलेले असते’ अशा अर्थाच्या टिपा ठिकठिकाणी मागे राहिल्या. त्यांवर विसंबणारा नवखा नसलेल्या राखणीच्या भरवशावर आज्ञा लिहितो. मग कधी तरी दोन प्रोसेसर एकच नोंद एकदम बदलतात व माहिती बिघडते. आणि ते क्वचितच घडत असल्याने दोषाचा माग लागत नाही.

अशी टीप खोडणे सोपे आहे. पण आमच्या मते तेवढे पुरेसे नाही. कुलूप गेले, तरी माहिती राखण्याची गरज गेलेली नसते. ते काम आता कोणते कुलूप करिते, हे शोधून लिहावे व बदलाचे कारण नोंदीत द्यावे. शक्य तेथे टिपेऐवजी तपासणीची आज्ञाच घालावी. म्हणजे कुलूप नसल्यास यंत्रच इशारा देईल. आणि मूळ बदलणाऱ्याने टीप त्याच बैठकीत सुधारावी. यंत्र त्याविषयी कधीच तक्रार करणार नाही. म्हणूनच हे कर्तव्य सर्वस्वी आपले आहे.