शून्याची चुगली

प्रश्न विचारण्याचा मला पगार मिळतो. मी वकील नाही, मास्तर नाही आणि पोलीसही नाही. मी प्रोग्रॅमर आहे. घरी प्रश्न विचारण्याची माझी प्राज्ञा नाही. 'आमटीत मीठ जरा जास्त झालंय का?' हा माझा अखेरचा प्रश्न. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पण ऑफिसात मी डेटाबेसला दिवसाकाठी शेकडो प्रश्न विचारतो आणि तो बिचारा निमूटपणे उत्तरं देतो.

आमची कंपनी दुकानांना बिलं करायचा प्रोग्रॅम विकते. गावोगावची बिलं आमच्याकडे येऊन पडतात आणि रात्री प्रत्येक मालकाला विक्रीचा अहवाल जातो. बिलं कोटींच्या घरात गेली तसा रात्रीचा अहवाल दुपारच्या जेवणापर्यंत निघेना. मग क्लिकहाऊस आलं. मूळ हे यांडेक्स या रशियन कंपनीनं वेबसाइटवरची वर्दळ मोजायला केलेलं. 2016 साली ते सर्वांसाठी खुलं झालं. वेग असा, की प्रश्न विचारून चष्मा सारखा करेपर्यंत उत्तर हजर!

पण त्याच्याशी बोलायची रीत निराळी. जुना डेटाबेस एकेक बिल अखंड जपायचा. हा सगळ्या रकमा एका फळीवर, सगळ्या तारखा दुसऱ्या फळीवर असं मांडतो. त्यामुळे रकमांची बेरीज हवी तर तेवढीच फळी उघडायची. मला मात्र 'जे असेल ते सगळं दे' म्हणायची सवय. लग्नात जिलबी किती खपली एवढंच हवं असताना मी प्रत्येक पाहुण्याचं नाव, गाव आणि गोत्र विचारत बसायचो!

दुसरी खोड म्हणजे, बिल आलं की ते एकट्यानं आत ढकलायचं. असं प्रत्येक ढकलणं तिथं वेगळा तुकडा बनतं आणि मागाहून ते तुकडे एकत्र सांधावे लागतात. तुकडे फार झाले की तो 'टू मेनी पार्ट्स' म्हणून चक्क हात वर करतो. सौभाग्यवतींना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग दर पोळीला वेगळी कणीक मळता कशाला?" दुसऱ्या दिवसापासून मी दहा-दहा हजार बिलं एकदम मळू लागलो.

आता खरी गोष्ट. आमचा डेटाबेस तीन यंत्रांवर वाटलेला आहे. कुठल्या दुकानाची बिलं कुठल्या यंत्रावर, हे दुकानाच्या क्रमांकावरून ठरतं. माझा प्रोग्रॅम बोलतो तो मात्र एका चौथ्याच तक्त्याशी. त्याच्याजवळ स्वतःचं एकही बिल नसतं. लग्नघरातल्या थोरल्या काकांसारखा तो तिघांना कामाला लावतो आणि आलेल्या उत्तरांची बेरीज करतो. गृहस्थ हुशार! सरासरी हवी असली तर तिघांच्या सरासऱ्या नाही मागत. बेरीज आणि संख्या मागतो, कारण सरासऱ्यांची सरासरी हमखास चुकते.

तिघांपैकी एक यंत्र अधूनमधून झोपायचं. प्रत्येक यंत्राला जुळा भाऊ ठेवता येतो, म्हणजे एक झोपला तर दुसरा उत्तर देतो. पण आमच्याकडे काटकसर. यंत्र झोपलं की प्रश्न अडायचा आणि रात्री दोनला माझा फोन वाजायचा. एके रात्री मला एक कळ सापडली : 'स्किप अनअव्हेलेबल शार्ड्स'. म्हणजे जो हजर नाही त्याला वगळून पुढे चला. ही कळ मुळात बंद असते. का, हा विचार रात्री दोनला कोण करतो? मी ती चालू केली. तेव्हापासून यंत्र झोपलं की मीही झोपू लागलो.

त्यात आणखी एक शहाणपण मी आधीच करून ठेवलं होतं. एखाद्या दुकानाचं उत्तर आलं नाही तर अहवालात रिकामी जागा बरी दिसत नाही, म्हणून तिथं शून्य छापायचं!

एका सोमवारी वाईहून फोन आला. मिठाईच्या दुकानातले, गल्ल्यावर बसणारे वयस्कर काका. मालकांची तीन दुकानं : सातारा, कराड आणि वाई. अहवालात वाईपुढे शून्य.

"साहेब, काल रविवार. पाचगणीला जाणारी माणसं आमच्याकडे थांबतात. चारशे बारा बिलं फाडली मी. आणि मालक विचारतात, दुकान बंद ठेवून कुठं गेला होतात? उद्यापासून पुतण्या बसेल म्हणाले."

माझ्या पोटात गोळा आला. काका अजूनही हातानं कीर्द लिहीत. त्यांनी फोनवर रविवारची बेरीज वाचून दाखवली. मी झोपलेलं यंत्र उठवलं, ती कळ बंद केली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. बिलं चारशे बारा. रक्कम पैशापर्यंत जुळली. मालकांना फोन करून म्हटलं, "चूक यंत्राची नाही, काकांचीही नाही. माझी आहे." हे वाक्य म्हणायला मला तीन वेळा घसा खाकरावा लागला.

पुढच्या आठवड्यात वाईला जाऊन आलो. काका गल्ल्यावरच होते. रागावले नाहीत. फक्त कीर्द उघडून एक पान दाखवलं. त्यावर तारीख आणि खाली दोनच शब्द : 'दुकान बंद'.

"विक्री नाही झाली तर शून्य लिहावं, साहेब. दुकानच उघडलं नाही तर तसं लिहावं. दोन्ही एक नव्हेत."

माझ्या पदवीच्या चार वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं.

आता अहवालात शून्याच्या जागी 'उत्तर आलं नाही' असं छापून येतं. ती कळ बंद आहे. रात्री दोनला फोन वाजतो आणि मी उठतो.

निघताना अर्धा किलो कंदी पेढे घेतले. काका पैसे घेईनात. मी हट्टानं बिल करायला लावलं. रात्री घरी आल्यावर डेटाबेसला मुद्दाम विचारलं. होतं.